दृष्ट, मुहूर्त, काळा दोरा आणि आपला विश्वास: तुमचे अनुभव लिहा

शेवंती_नगर
मागच्या महिन्यातली गोष्ट. लेक चार महिन्यांची, संध्याकाळपासून रडायची थांबेना, पोट शेकून झालं, फिरवून झालं, मग शेजारच्या काकू म्हणाल्या दृष्ट लागलीय गं, मीठ-मोहऱ्या ओवाळून टाक. आणि मी, तिसऱ्या पिढीतली ख्रिस्ती, संडेस्कूलला शिकवणारी, मुठीत मीठ घेऊन उभी होते. आमची आजी पण दृष्ट काढायची, तोंडाने 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' म्हणत म्हणत. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. त्या रात्री मात्र हात थांबला, माझा भरवसा नक्की कशावर आहे, मिठावर की प्रभूवर? मीठ परत बरणीत टाकलं, लेकीला खांद्यावर घेऊन प्रार्थना केली, तरी ती पहाटे तीनपर्यंत रडली. सकाळी डॉक्टरांनी सांगितलं कानात इन्फेक्शन आहे. तर तुमच्या घरी काय होतं ते लिहा. उपदेश नको, खरं घडलेलं लिहा, जिथे तुम्ही हरलात तेही लिहा.

वसईकर
आमचा फ्लॅट दक्षिणेकडच्या दाराचा, त्यामुळेच जरा स्वस्तात मिळाला. घर आशीर्वादित करून घेतलं, राहायला गेलो आणि सहा महिन्यांत वडिलांना पॅरॅलिसिसचा अटॅक. मग सगळे सुरू, ख्रिस्ती नातेवाईक पण, की दार बदला, निदान उंबऱ्याखाली काहीतरी पुरा. मी खरंच गवंड्याला विचारून आलो होतो किती खर्च येईल म्हणून. वडिलांना नीट बोलता येत नव्हतं, त्यांनी पाटीवर लिहून दाखवलं 'बीपीची गोळी मीच घेत नव्हतो'. दार आहे तिथेच आहे.

काकू_केडगाव
माझे मिस्टर 2011 ला गेले. 2019 ला मुलाचं लग्न काढलं. आपल्यात पण हळद असतेच, गाणी असतात, सगळं असतं, आणि सवाष्णी पण लागतात हे कोणी उघड बोलत नाही. नणंद हळूच म्हणाली, वैनी तुम्ही जरा आत बसा, शुभकार्य आहे. ही नणंद दर रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर असते. मी आत जाऊन बसले. भांडले नाही, आणि त्याचंच मला जास्त लागलं, कारण मलाच आतून भीती वाटत होती की माझा हात लागला आणि पोराचं काही वाईट झालं तर.

आमच्या मंडळीत एक म्हाताऱ्या बाई आहेत, लहानपणी पंडिता रमाबाईंच्या मुक्तिमिशनमध्ये, म्हणजे निराधार बायका-मुलींच्या आश्रमात वाढलेल्या. त्या माझ्या मागून आत आल्या, हळदीची वाटी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, रमाबाई स्वतः विधवा होत्या ना, 1889 ला शारदा सदन ही शाळा काढली ती कोणासाठी? ज्या पोरींना लोक पांढऱ्या पायाच्या म्हणायचे त्यांच्यासाठीच ना? त्याच पोरींनी पुढे आम्हाला आंघोळी घातल्या, जेवू घातलं, आमचं काय वाईट झालं? ऊठ.

पहिली हळद मी लावली. हात इतका थरथरत होता की पोराच्या डोळ्यात गेली. नातू आता चार वर्षांचा आहे. तो धडधाकट आहे म्हणून मी बरोबर ठरले असं मात्र कोणी म्हणू नका, तो आजारी पडला असता तरी ती वाटी माझ्याच हातात असायला हवी होती.

झेड_ब्रिज
काकू 🙏 वाचून खूप वेळ बसून राहिलो.

माझं छोटंच आहे. बारावीला बायबल उशाखाली ठेवून झोपायचो, उघडायचो नाही, नुसतं ठेवायचो. आता व्हॉट्सअ‍ॅपवर वचन येतं आणि खाली लिहिलेलं असतं 11 जणांना पाठवा, आज रात्री चमत्कार होईल. वचन देवाचं पण भीती तीच जुनी. बायबलमधलं पहिलं शमुवेल, चौथा अध्याय वाचा, इस्राएल लोकांनी कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांची पवित्र पेटी, ताईत असल्यासारखा लढाईवर नेला, 30,000 माणसं पडली आणि कोशही पलिष्ट्यांनी नेला. कोश खोटा नव्हता ना. त्याच्याकडे बघणं चुकलं.

नाईट_ड्युटी
मी नर्स आहे, पण हे माझ्या भावाचं आहे. त्याला नववीत असताना फिट यायला लागली. आधी गावातल्यांनी चप्पल हुंगवली, कांदा फोडून नाकाशी धरला, मग भगताकडे नेलं, तो म्हणाला बाहेरची बाधा. आम्ही ख्रिस्ती म्हणून आई हे सगळं लपून करायची. शेवटी डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आणि दोन वर्षं एकही फिट नाही.

मग एका प्रार्थनासभेत त्याच्यावर हात ठेवले आणि जाहीर केलं की हा बरा झाला, आता गोळी घेणं म्हणजे अविश्वास. आईने त्याच रात्री पाकीट फेकलं. पाचव्या दिवशी एकामागून एक फिट सुरू झाल्या, थांबेनातच, आयसीयूत आठ दिवस. मी तेव्हा ट्रेनिंगला होते, मला कोणी विचारलं पण नाही. ही गोळी एकदम बंद केली की फिट जोराने उलटते हे मी तिसऱ्याच महिन्यात शिकले होते. आणि त्या सभेतली माणसं भेटायला आली ती म्हणाली विश्वास कमी पडला असेल. माझी आई अजून रात्री उठून तेच विचारते, माझा कमी पडला का.

मला भगत आणि ती सभा यात फरक दिसत नाही. दोघांनीही सांगितलं हे कर म्हणजे ते होईल, आणि झालं नाही की दोष आमचा. योहानाच्या शुभवर्तमानात, नवव्या अध्यायात शिष्य विचारतात की हा आंधळा जन्मला ते कोणाच्या पापामुळे, आणि प्रभू म्हणतो ना त्याच्या, ना आईबापांच्या. मी आईला तो अध्याय वाचून दाखवते. शुभवर्तमान लिहिणारा लूक वैद्य होता, प्रेषित पौल त्याला प्रिय म्हणतो, तेही सांगते. भाऊ आता तिशीत आहे. रोज रात्री प्रार्थना करतो, मग गोळी घेतो.

मोगरा_वांद्रे
लग्नाला नऊ वर्षं, मूल नाही. दर सप्टेंबरला जत्रेत मोतमावलीला, म्हणजे वांद्र्याच्या माउंट मेरीला, मेणाचं बाळ वाहायचे. नवस करणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही, तिथे रडायला जागा मिळते. पण चौथ्या वर्षी माझ्या लक्षात आलं की मी प्रार्थना करतच नाहीये, मेण नीट आहे ना, बोट तुटलं नाही ना, एवढंच बघतेय. मागच्या वर्षी साधी मेणबत्ती लावली आणि पहिल्यांदा देवाला सांगितलं की मी तुझ्यावर रागावलेय. मूल अजून नाही. पण आता मी खरं बोलते त्याच्याशी.

पहिली_पिढी_जालना
मी घरात एकटाच विश्वासी. आई हिंदू, आणि फार मायाळू. मुलगा झाला तेव्हा तिने त्याच्या कमरेला काळा दोरा बांधला. पास्टर म्हणाले कापून टाक, बायको म्हणाली आईंचं मन मोडेल. दोऱ्यात काही नाही हे मला माहितेय, पण कात्री घेतली तर आईला वाटणार की मी तिच्या नातवाला उघड्यावर सोडतोय. मी आईजवळ बसलो आणि सांगितलं, आई तू बांधलास तो प्रेमाने बांधलास, पण मी रोज रात्री याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतो, तू पण बस. ती बसते, डोळे उघडे ठेवून. गेल्या महिन्यात अंघोळीत दोरा तुटला. दुसरा आणू का म्हणाली, मी नको म्हटलं, तिने परत विचारलं नाही.

शेवंती_नगर
सगळ्यांचं दोनदोनदा वाचलं. नर्सताई, आमच्या मंडळीत पण एक फिट येणारा मुलगा आहे, त्याची आई सध्या अशाच एका सभेला जातेय. गोळ्यांबद्दल जरा सविस्तर लिहाल का, तिला दाखवते.

नाईट_ड्युटी
लिहिते, आज रात्री ड्युटी आहे, उद्या दुपारी. तोवर तिला एवढंच सांगा की सभेला जायचं तर जा, पण गोळी एक दिवसही चुकवू नको. माझा नंबर व्यनिने (खाजगी निरोपाने) पाठवते, तिला फोन करायला सांगा.