बाळंतिणीचं डोकं दुखतंय: घरी थांबायचं की गाडी बोलवायची?

सेविका_गुहागर
आमच्या उपकेंद्राखालच्या आशाताईंसाठी गरोदरपण आणि बाळंतपणानंतरच्या पक्षाघाताबद्दल एक पान लिहायला घेतलंय. पहिलटकरणी मुंबई-ठाण्याहून माहेरी येतात, तपासणीचे कागद तिकडे, बाळंतपण चिपळूणला, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी खाडीकाठच्या वाडीत घरी. तिथे डोकं दुखलं की 'वारा लागला', आणि आकडी आली तर बाहेरचं. भुलीच्या इंजेक्शननंतरची डोकेदुखी किती दिवस साधी समजायची? किती बीपीला ताबडतोब हलवायचं, आणि हलवण्याआधी उपकेंद्रात काय द्यायचं? नेमके आकडे हवेत, 'काळजी घ्या' नको.

प्रसूतिकक्ष_चिपळूण
ताई, पानावर सगळ्यात वर हे लिहा: बीपी बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसात सर्वाधिक चढतं, म्हणजे नेमकं घरी सोडल्यावर. गरोदरपणात बीपी नॉर्मल असलेल्या बाईलाही हे होऊ शकतं. आशाताईंची तिसऱ्या आणि सातव्या दिवसाची भेट ठरलेलीच असते. वजन-तापमान बाळाचं होतं, आईचा दंड मात्र कोणी धरत नाही. त्या दोन भेटींना आईचं बीपी घ्यायची सोय करा. गरोदरपणात बीपी वाढलेलं असेल तर पहिले ७२ तास रोज आणि पुढे ७ ते १० दिवसांच्या आत पुन्हा.

मोजताना बाई ५ मिनिटं टेकून बसलेली हवी, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला, पट्टा उघड्या दंडावर. मनगटाचं मशीन नको. जाड दंडाला लहान पट्टा लावला की आकडा खोटा वाढतो.

१४०/९० किंवा वर असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. वरचा १६० किंवा खालचा ११०, यातला एक जरी गाठला तरी १५ मिनिटांनी पुन्हा घ्या. तसाच राहिला तर ३० ते ६० मिनिटांत औषध पोटात किंवा शिरेत गेलंच पाहिजे; मेंदूत रक्तस्राव होतो तो याच पट्ट्यात. प्राथमिक केंद्रात डॉक्टरांच्या सांगण्यावरून निफेडिपिन १० मिग्रॅ तोंडाने गिळायला द्यायची, २० मिनिटांनी बीपी तसंच असेल तर २० मिग्रॅ. जिभेखाली कॅप्सूल फोडून देण्याची जुनी सवय सोडा, बीपी एकदम कोसळतं आणि पोटात बाळ असेल तर त्याचाही रक्तपुरवठा तुटतो. शिरेतून लॅबेटालॉल २० मिग्रॅ, १० मिनिटांनी ४०, मग ८०. दम्याच्या बाईला नको. १४०-१५०/९०-१०० वर आणून थांबायचं.

आकडी आली असेल, किंवा बीपी इतकं चढून डोकं ठणकतंय, नजर अंधुक झालीय, तर मॅगसल्फचा (आकडी थोपवणारं मॅग्नेशियम सल्फेट) पहिला डोस: ५०% च्या २ मिलीच्या ५ अँप्यूल, म्हणजे ५ ग्रॅम, एका कुल्ल्यात खोल, आणि तितकंच दुसऱ्या कुल्ल्यात. प्रत्येक सिरिंजमध्ये २% लिग्नोकेन १ मिली घातलं तर ठणका कमी बसतो. एकूण १० ग्रॅम, वेळ चिठ्ठीवर. पुढचा डोस देण्याआधी गुडघ्यावर ठोकल्यावर पायाला येणारा झटका, श्वास मिनिटाला १६ च्या वर, लघवी तासाला ३० मिलीच्या वर हे पाहतात, म्हणून वेळ लिहिलेली नसेल तर पुढच्या डॉक्टरचे हात बांधले जातात.

आणि बीपी असलेल्या बाईला रक्तस्रावासाठी मेथर्जिन देऊ नका. ऑक्सिटोसिन आहे ना.

न्यूरो_कोल्हापूर
डोकेदुखीचं मी सांगतो.

कण्यातल्या भुलीनंतरचं डोकं बसलं-उठलं की दुखतं, आडवं झालं की काही मिनिटांत उतरतं. बहुधा आठवड्याभरात जातं. हा नमुना बदलला, म्हणजे आडवं पडूनही दुखायला लागलं, पहाटे जास्त, सोबत उलटी किंवा दोन-दोन दिसणं, की ते साधं राहिलं नाही. मेंदूच्या शिरांमध्ये, म्हणजे अशुद्ध रक्त परत नेणाऱ्या नसांत, गुठळी धरली असण्याची शक्यता आहे. आपल्याकडे बाळंतिणीच्या पक्षाघातात हे कारण बरंच दिसतं. एकदम अंगावरून वारं गेलं असं नेहमीच होत नाही. चार-पाच दिवस डोकं, मग आकडी, मग एक हात जड. म्हणूनच घरचे गाफील राहतात.

दुसरा नमुना: एका मिनिटाच्या आत शिगेला पोचणारी, वीज पडल्यासारखी डोकेदुखी. त्यात वाट पाहायची नाही, मग बीपी काहीही असो. बाळंतपणानंतर मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसून असं होतं, आणि सर्दीच्या गोळ्यांमधलं फेनिलेफ्रिन त्याला निमित्त ठरू शकतं. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गोळ्या विचारत जा.

साधा सीटी नॉर्मल आला म्हणून घरी पाठवणं ही नेहमीची चूक. शिरांतल्या गुठळीत तो अनेकदा नॉर्मल दिसतो. चिठ्ठीत 'एमआर व्हेनोग्राम करावा' असं स्पष्ट लिहा. आणि पोटात बाळ आहे म्हणून सीटी टाळू नये, डोक्याच्या सीटीत गर्भापर्यंत पोचणारे किरण नगण्य असतात.

उपचार हेपरिन, म्हणजे रक्त पातळ करणारं इंजेक्शन, मेंदूत त्या गुठळीमुळे थोडं रक्त उतरलं असलं तरी. हे ऐकून नातेवाईक बिथरतात, पण गुठळी थोपवल्याशिवाय रक्त उतरायचं थांबत नाही.

वेंगुर्ला_सीएचओ
पाण्याचं पानावर नक्की घ्या. 'पाणी प्यायलं की पोट सुटतं, बाळाला सर्दी होते' म्हणून तहानेलाही घोटभर, वर बंद खोलीत शेगडीचा शेक. एप्रिल-मेच्या उकाड्यात घाम किती जातो बघा! रक्त दाट होतं, आणि बाळंतपणानंतर सहा आठवडे ते तसंही गोठायला टपलेलं असतं. आजीशी वाद घालून उपयोग नाही. पेज, आळिवाची खीर, जिऱ्याचं कोमट पाणी, जे त्यांना चालतं ते वाढवून सांगा. लघवी पिवळीधमक दिसता कामा नये. शिवाय सिझेरियन झालेल्या बाईला दुसऱ्या दिवसापासून चालवा.

घाटरस्ता_१०८
फोनवर 'बाळंतीण, लकवा' असे दोन शब्द आधी सांगा. 'चक्कर आली' सांगितलं तर तयारी वेगळी होते.

दात दाखव, दोन्ही हात समोर धरून दहापर्यंत मोज, एक वाक्य बोल. यात काही एक वाकडं दिसलं तर विचारा, ती शेवटची धड कधी होती? 'कधी पाहिलं' हे नको, 'धड कधी होती' हेच. साडेचार तासांच्या आत गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन देता येतं का ते डॉक्टर ठरवतात, सिझेरियन ताजं असेल तर विचार वेगळा, पण वेळच माहीत नसेल तर दार बंद. ग्लुकोमीटरवर साखर बघा, साखर उतरूनही हुबेहूब असंच दिसतं. डाव्या कुशीवर, तोंडात चमचा नाही, कांदा-चप्पल नाही, चहा-पाणी नाही (गिळताना ठसका लागून छातीत जातं).

कुठे न्यायचं ते गाडी हलण्याआधी ठरवा. ज्या दवाखान्यात सीटी आत्ता चालू आहे तोच जवळचा. पावसाळ्यात कऱ्हाडकडे जाणारा कुंभार्ली घाट सुरू आहे का ते फोन करून विचारा. सिंधुदुर्गातून गोव्यातलं बांबोळीचं मोठं सरकारी रुग्णालय सोपं पडतं.

सेविका_गुहागर
हे सगळं घेते. एकच राहिलं: बरी होऊन परत आलेलीला अंगावर पाजू द्यायचं का? आणि पाळणा लांबवायला आमच्याकडच्या गोळ्या?

न्यूरो_कोल्हापूर
पाजू द्या. हेपरिन आणि वॉरफरिन (रक्त पातळ करणारी गोळी) दोन्ही चालतात, रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्या मात्र पाजणाऱ्या आईला टाळतात. वॉरफरिन बहुधा ३ ते ६ महिने, आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारी तपासणी) २ ते ३ च्या दरम्यान. त्या काळात दिवस जाता कामा नयेत, कारण वॉरफरिन गर्भाला बाधतं.

प्रसूतिकक्ष_चिपळूण
माला-एन नाही, त्यात इस्ट्रोजेन असतं. अंतरा, म्हणजे तीन महिन्यांचं इंजेक्शन, तेही स्वतःहून देऊ नका. तांबी उत्तम, फक्त वॉरफरिनवर पाळी जास्त जाते, तेव्हा हिमोग्लोबिन बघत राहा. पुढच्या खेपेला दिवस गेल्याचं कळताच पाठवा, गुठळी झाली असेल तर हेपरिन लवकर लागतं. आणि प्रीएक्लाम्पसिया (गरोदरपणात बीपी चढण्याचा आजार) झाला असेल तर ॲस्पिरिन १२ व्या आठवड्यापासून सुरू होते. पाचव्या महिन्यात नाव नोंदवायला आली तर उशीर झालेला असतो.