कॅफेत गाणी गिऱ्हाइकांना निवडू द्यावीत का? सल्ला हवा आहे

नमस्कार मंडळी,
नाशिकला आमचा छोटा कॅफे आहे, सात टेबलं. दोन महिन्यांपूर्वी टेबलांवर क्यूआर कोड चिकटवले: स्कॅन करा, हवं ते गाणं रांगेत टाका. कॉलेजची पोरं खूश झाली. पण गेल्या शनिवारी एका टेबलाने एकच गाणं लागोपाठ चार वेळा लावलं. रोज संध्याकाळी येणारे आजी-आजोबा कोपऱ्यात बसले होते. आजोबांनी कानातलं यंत्र काढून बशीत ठेवलं. मग चहा अर्धा टाकून दोघं उठले, ते अजून आलेले नाहीत. फार लागलं मनाला.
तरी बंद करवत नाही. आपलं गाणं लागल्यावर माणसाचा चेहरा कसा खुलतो! कशी घडी बसवू?

जुना गिरगावकर
बंद करू नका. मुंबईच्या इराण्यांकडे ज्यूकबॉक्स असायचे, कुलाब्याच्या कॅफे मोंडेगारचा तर प्रसिद्धच. नाणं टाका, बटण दाबा, आपली पाळी येईपर्यंत थांबा. निवड गिऱ्हाइकाची, पण पेटीत तबकड्या कुठल्या ते आधीच ठरलेलं. तुम्ही पेटीच काढून टाकलीत, घोळ तिथे आहे. दीडदोनशे गाणी स्वतः ऐकून निवडा, त्यातलंच मागू द्या.

कायदेवाली
आधी एक विचारते, परवाना आहे का? मोबाइलवरचं घरगुती सबस्क्रिप्शन दुकानात वाजवायला चालत नाही, त्यांच्या अटींतच तसं असतं. ध्वनिमुद्रणाचे हक्क वेगळे, गीत-संगीताचे वेगळे. गीत-संगीताचा परवाना आयपीआरएस ही संस्था देते, ध्वनिमुद्रणांचा बऱ्याच कंपन्यांच्या वतीने पीपीएल ही कंपनी. यादी पक्की करण्याआधी कुठली गाणी कुणाकडे आहेत ते बघा. आणि जुनं म्हणजे फुकट, असं धरू नका. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षं राहतो, गीतकार-संगीतकारांचा त्यांच्या मृत्यूनंतर 60 वर्षं. कलाकाराचं देणं आहे ते, टाळू नका.

चहाटपरी ते कॅफे
+१. आमच्याकडे कोडऐवजी कागदाची चिठ्ठी आहे. टेबलामागे एक, आणि तेच गाणं त्या दिवशी पुन्हा नाही. आवाजाची कळ गल्ल्यावरच्या माणसाच्या हातात, दुसऱ्या कुणाच्याही नाही. चिठ्ठीचा फायदा असा की लोक कारणही लिहितात. परवा एकीने गाण्याखाली लिहिलं होतं, 'आई पहिल्यांदाच कॅफेत आली आहे, हळू लावा.' ती चिठ्ठी मी काउंटरच्या काचेखाली ठेवली आहे. स्क्रीनवर हे कुठून कळणार? एक टेबल मात्र स्पीकरपासून लांब ठेवा. काहींना फक्त बोलायचं असतं.

धागाकर्ता
मनापासून आभार. कोड आजच काढले. परवाना घेईपर्यंत स्पीकर बंद ठेवतो. कोपऱ्यावरचा स्पीकरही तिथून हलवतो. आजी-आजोबा मागच्याच गल्लीत राहतात, उद्या सकाळी जाऊन येतो. यादी करायला बसलोय, संध्याकाळी पाच ते सातसाठी बासरी आणि संतूर काढली आहे. भावगीतं कुठली घेऊ? सुचवा.