मदत हवी आहे: अ‍ॅपलच्या 'अनधिकृत वापरकर्ता' पेटंट-अर्जातले क्लेम (हक्काचे क्रमांकित दावे) कसे वाचायचे?

उपकरण भलताच कुणी वापरतोय का, हे ओळखण्याबद्दलचा हा अमेरिकी अर्ज फेब्रुवारी २००९ मध्ये दाखल झाला, ऑगस्ट २०१० मध्ये प्रसिद्ध झाला आणि जेलब्रेक करणाऱ्यांवर (फोनवरची अ‍ॅपलची बंधनं तोडणाऱ्यांवर) अ‍ॅपल पाळत ठेवणार, अशी ओरड झाली. अर्जातल्या वर्णनात असा वापरकर्ता ओळखायच्या खुणा म्हणून चुकीचा पासवर्ड, सिम काढणं, जेलब्रेक, हृदयाचे ठोकेसुद्धा आहेत. पण हक्क मिळतो तो क्लेमपुरताच. शिवाय १८ महिन्यांनी छापतात तो नुसता अर्ज, मंजूर पेटंट नव्हे. पेटंट कार्यालयातल्या परीक्षकाच्या हरकतींनंतर क्लेम बरेचदा आक्रसतात.

पेटंट सेंटर या अमेरिकी पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावरच्या फायलीत शेवटची क्लेम-दुरुस्ती पाहून भागतं, की अर्जदाराने परीक्षकाला दिलेली उत्तरंही वाचावी लागतात? आणि एखादी अट फक्त अवलंबून असलेल्या क्लेममध्ये (आधीच्या क्लेमचा हवाला देऊन त्यात भर घालणाऱ्या) असेल, तर पहिला क्लेम तेवढ्यापुरता मर्यादित धरायचा नाही ना? जाणकारांनी कृपया सांगावं.