टपाल खात्याचा प्रमुख नेमका कोण, आणि आमच्या ओटीवरच्या पोस्टाशी त्याचा संबंध काय?

दाभोळखाडी (तालुका गुहागर)

सर्वांना नमस्कार. माझ्या पुतणीची यंदा ग्रामीण डाक सेवक म्हणून निवड झाली आणि ती आमच्याच गावची शाखा डाकपाल झाली. शाखेसाठी जागा डाकपालानेच द्यायची असा नियम असल्यामुळे पोस्ट आता आमच्या ओटीवर आले आहे. एक टेबल, एक वजनकाटा, पावसात थैलीवर टाकायचा प्लास्टिकचा कागद आणि तारखेचा शिक्का, इतकाच त्याचा पसारा. रोज सकाळी ती चिमट्याने शिक्क्यातले आकडे बदलते, आधी कोऱ्या कागदावर उमटवून तारीख बरोबर आल्याची खात्री करते आणि मगच कामाला हात घालते. ते पाहताना मला तिचा फार अभिमान वाटतो.

9 ऑक्टोबरला जागतिक टपाल दिनानिमित्त शाळेत मला चार शब्द बोलायचे आहेत. गावात कोणी म्हणते की दिल्लीचे पोस्टमास्तर जनरल हे सर्वांचे प्रमुख, तर कोणी म्हणते की मंत्रीच प्रमुख. खरे काय आहे? आणि ज्या शाखेला स्वतःचा खर्च भागवण्याइतके उत्पन्न नाही, ती चालू ठेवायची की नाही हे हा प्रमुख ठरवतो का?

निवृत्त टपालकर्मी, चिपळूण

ताई, पुतणीचे मनापासून अभिनंदन. आपल्या गावातला हा गोंधळ सगळीकडेच आहे, कारण पदाचे एकच नाव निरनिराळ्या देशांत निरनिराळ्या अर्थाने चालते. अमेरिकेत पोस्टमास्टर जनरल हा संपूर्ण देशाच्या टपालसेवेचा एकमेव प्रमुख असतो. 1775 साली बेंजामिन फ्रँकलिन या पदावर होते, आणि पुढे 1971 पर्यंत या पदावरची व्यक्ती राष्ट्राध्यक्षांच्या मंत्रिमंडळातही बसत असे. आपल्याकडे मात्र पोस्टमास्टर जनरल अनेक आहेत, आणि प्रत्येकाकडे एकेका क्षेत्राचा कारभार असतो. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोन्ही टपाल विभाग गोवा क्षेत्रात मोडतात, त्यामुळे आपले पोस्टमास्टर जनरल पणजीला बसतात. त्यांच्या वर मुंबईला महाराष्ट्र परिमंडळाचे मुख्य पोस्टमास्टर जनरल असतात. अशी परिमंडळे देशभरात 23 आहेत.

दिल्लीत सर्वोच्च प्रशासकीय पद टपाल खात्याच्या सचिवांचे असते. तेच टपाल सेवा मंडळाचे अध्यक्ष असतात, आणि मंडळावर कामकाज, मनुष्यबळ, तंत्रज्ञान, विमा, बँकिंग, नियोजन अशी खाती सांभाळणारे सदस्य असतात. महासंचालक, टपाल सेवा हे पद त्याहून वेगळे आहे. 1854 मध्ये देशभर एकच टपालदर आणि अर्ध्या आण्याचे तिकीट सुरू झाले, तेव्हापासून महासंचालक हे पद चालत आले आहे. आज दोन्ही पदांवर निरनिराळ्या व्यक्ती असतात, आणि त्या बहुधा भारतीय टपाल सेवेतून, म्हणजे लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन खालच्या पदापासून वर आलेल्या असतात. मंत्री हे राजकीय प्रमुख. ते धोरण ठरवतात आणि संसदेला उत्तर देतात.

आता शाखेच्या प्रश्नाकडे येतो, कारण मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. शाखा डाकघराने आपला सगळा खर्च स्वतः भागवावा अशी खात्याची अपेक्षाच नाही. नवी शाखा उघडताना सर्वसाधारण भागात खर्चाच्या 33.33 टक्के, आणि डोंगराळ, वाळवंटी किंवा आदिवासी भागात 15 टक्के उत्पन्नाची अपेक्षा धरण्याचा निकष आहे. उरलेली तूट खाते सोसते. देशातल्या सुमारे 1 लाख 65 हजार डाकघरांपैकी जवळजवळ 90 टक्के ग्रामीण भागात आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे या खात्याच्या प्रमुखाचे काम एखाद्या कुरिअर कंपनीच्या प्रमुखापेक्षा मुळातच का वेगळे आहे ते कळते. कंपनीचा प्रमुख तोट्याचा मार्ग बंद करू शकतो. टपालाच्या प्रमुखाला मात्र खाडीपलीकडच्या वाडीत तोट्यातही, मुंबईत लागतो त्याच तिकिटात, पत्र पोचवावे लागते, आणि ती तूट भरून काढण्याची वाट बचत, विमा, पार्सल अशा कामांतून शोधावी लागते.

ग्रंथमित्र, मालवण

वरील उत्तर उत्तम आहे. प्रमुखाच्या हातात काय नसते तेही सांगितले पाहिजे, कारण पोस्टाच्या खिडकीवर लोक नेमके त्याच गोष्टींसाठी वाद घालतात. सुकन्या समृद्धी किंवा मासिक उत्पन्न योजनेचा व्याजदर टपाल खाते ठरवत नाही. तो अर्थ मंत्रालय ठरवते आणि पोस्ट त्यासाठी फक्त खाती चालवते.

टपालाचे दर मात्र खात्याच्याच हातात आहेत, आणि आमच्यासारख्या वाचनालयांना ते थेट जाणवतात. डिसेंबर 2024 मध्ये पुस्तकांसाठीची जुनी स्वस्त नोंदणीकृत सेवा बंद झाली, तेव्हा लहान प्रकाशक आणि वाचनालये चिंतेत पडली होती. 1 मे 2025 पासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू झाले. त्यात 300 ग्रॅमपर्यंतचे पुस्तक 20 रुपयांत आणि 5 किलोपर्यंतचे पार्सल 100 रुपयांत जाते (कर वेगळा). दिल्लीत निघालेला एक आदेश आमच्या कपाटात किती पुस्तके येणार हे ठरवतो. म्हणून या पदावर कोण आहे, याकडे वाचकांनीही लक्ष ठेवले पाहिजे.

वकील, अलिबाग

कायद्याचा मुद्दा थोडक्यात मांडतो. 1898 चा कायदा जाऊन 2023 चा टपाल कायदा 18 जून 2024 पासून लागू झाला आहे. जुन्या कायद्यात पत्रवाहतुकीचा मक्ता सरकारकडे होता. नव्या कायद्यात तो नाही, फक्त टपाल तिकिटे काढण्याचा एकाधिकार उरला आहे. पूर्वी साध्या पत्राचे दर कायद्याच्या परिशिष्टात असत, त्यामुळे ते बदलायला संसदेत जावे लागे. आता दर ठरवण्याचा अधिकार महासंचालकांना आहे. पोस्टकार्ड 50 पैशांत राहते ते सामान्य माणसासाठी, म्हणून अशा दरांवर संसदेत चर्चा व्हायलाच हवी असे माझे ठाम मत आहे.

निवृत्त टपालकर्मी, चिपळूण

वकीलसाहेब, आपली काळजी मला समजते, पण पूर्ण सहमत होता येत नाही. दर वर्षानुवर्षे गोठून राहिले आणि तूट वाढत गेली, तर काटकसरीची पहिली कुऱ्हाड ग्रामीण शाखांवरच पडते. अधिकार महासंचालकांकडे असावा, मात्र दर बदलण्यामागची कारणे त्यांनी जाहीरपणे मांडावीत.

दाभोळखाडी

आपणा सर्वांची मी ऋणी आहे. आमच्या घरी मुंबईच्या गिरणीतून आजोबांची मनीऑर्डर येत असे आणि तिच्या कुपनावरच्या दोन ओळी आजी दुसऱ्याकडून वाचून घेत असे, एवढीच माझी पोस्टाची ओळख होती. शाळेत आता मी तारखेच्या शिक्क्यापासून सुरुवात करीन आणि आमची ओटी, रत्नागिरी, पणजी, मुंबई, दिल्ली या क्रमाने मुलांना वर नेईन. एक शंका राहिली. वरच्या वाडीसाठी वेगळी शाखा मागायची असेल, तर पत्र थेट दिल्लीला पाठवावे का?

निवृत्त टपालकर्मी, चिपळूण

दिल्लीला नको, ताई. ग्रामपंचायतीचा ठराव, वाडीची लोकसंख्या आणि सध्याच्या शाखेपासूनचे रस्त्याने मोजलेले अंतर इतके जोडून अर्ज रत्नागिरीच्या डाक अधीक्षकांकडे द्यावा. अंतराची अट साधारण तीन किलोमीटरची आहे, तेव्हा मोजणी पायवाटेने करू नका, गाडीरस्त्याने करा. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.