होमबिल्टची कॅनॉपी : पॉलिकार्बोनेट टाकावं, की आधी बसवणी आणि खिट्टी सुधारावी?

खटपट्या

आमच्या दोन आसनी होमबिल्टच्या (स्वतः बांधलेल्या विमानाच्या) कॅनॉपीला, म्हणजे वैमानिकावरच्या पारदर्शक झाकणाला, मागच्या चौकटीजवळ, एका स्क्रूच्या भोकातून करंगळीएवढा तडा गेलाय. कॅनॉपी ॲक्रिलिक या पारदर्शक प्लास्टिकची, घुमटासारखी फुगवलेली. हँगरमध्ये जो येतो तो एकच सल्ला देऊन जातो: "ॲक्रिलिक सोडा, पॉलिकार्बोनेट टाका, कटकट मिटेल." मला हा सल्ला (पॉलिकार्बोनेट म्हणजे दुसरं एक पारदर्शक प्लास्टिक) अजिबात पटलेला नाही, म्हणून हा धागा.

माझं म्हणणं असं, की तडा पत्र्यामुळे (प्लास्टिकच्या तावामुळे) गेलेला नाही, बसवणीमुळे गेलाय. हिशेब सोपा आहे. तापमान एक अंश सेल्सिअसने वाढलं की ॲक्रिलिक मीटरमागे साधारण ७० मायक्रॉन वाढतं, ॲल्युमिनियम २३. कॅनॉपी दीड मीटर लांब धरा आणि पहाटेची थंडी ते भर दुपारचं ऊन असा ४० अंशांचा फरक धरा. ॲक्रिलिक ४ मिलिमीटरपेक्षा जास्त सरकतं, खालची चौकट दीडसुद्धा नाही. उरलेले पावणेतीन मिलिमीटर जाणार कुठे? भोक स्क्रूच्या मापाचं असेल आणि स्क्रू करकचून आवळलेला असेल, तर त्या भोकाच्या कडेतच जाणार. पॉलिकार्बोनेटही जवळपास तितकंच सरकतं, म्हणजे मूळ दुखणं तसंच राहतं.

तेव्हा खर्च करायचाच तर आधी बसवणीवर (स्क्रू काढून लवचीक चिकटद्रव्य), मग दुसऱ्या खिट्टीवर आणि "कॅनॉपी उघडी" सांगणाऱ्या दिव्यावर करावा. पत्रा कुठला, हा शेवटचा प्रश्न. आता हाणा.

गॅरेजवाला

साफ असहमत. तुम्ही तड्यात अडकलात. कॅनॉपी तोंडापुढे असते, समोरून पक्षी येतो. ॲक्रिलिक फुटतं तेव्हा त्याचे सुरे होतात. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ वैमानिकांच्या डोळ्यांत याच कॅनॉप्यांचे तुकडे घुसले होते. डोळा ते तुकडे सहन करतो हे डॉ. हॅरल्ड रिडली यांनी हेरलं आणि १९४९ साली ॲक्रिलिकचं पहिलं कृत्रिम भिंग डोळ्यात बसवलं. वैद्यकशास्त्राचं भलं झालं, पण मुळात तुकडा डोळ्यात गेला होता हे विसरू नका!

एफ-१६ या लढाऊ विमानाची ती एकसंध बुडबुड्यासारखी कॅनॉपी पॉलिकार्बोनेटची आहे. उगाच नाही. हातोडी मारली तर ॲक्रिलिकचा चुरा होतो, पॉलिकार्बोनेटला नुसता पोचा पडतो. मोठ्या प्रमाणित विमानांच्या समोरच्या काचेला पक्ष्याची कसोटी द्यावी लागते, आपल्या होमबिल्टला असलं काही बंधन नाही. म्हणून काळजी आपणच घ्यायची.

पॉलिमरकाकू

गॅरेजवाले, एफ-१६ ची कॅनॉपी जाड, थराथरांची आणि लेप दिलेली असते, आणि ती ठरावीक काळाने बदलायला हवाई दलाचा खजिना असतो. तुम्ही बसवणार ३ मिलिमीटरचा पत्रा. दोन्हीचं नाव एक म्हणून गुण एक होत नाहीत.

पॉलिकार्बोनेट धक्क्याला दणकट, हे शंभर टक्के खरं. पण रसायनांना ते फार हळवं आहे. ताणाखाली असलेल्या पॉलिकार्बोनेटला पेट्रोल लागलं की भोकांच्या कडांना चिरा पडतात, आणि पुष्कळदा आधी काहीच दिसत नाही. डोक्यावर टाकी असलेल्या हाय-विंग (पंख वर असलेल्या) विमानात समोरच्या काचेच्या वरच्या कडेला इंधन पाझरत असेल, तर तो पत्रा विश्वासाचा राहत नाही. उन्हात ते पिवळं पडतं, म्हणून लेप लागतो. लेपाशिवाय सुती फडक्यानेही ओरखडे पडतात. आणि लेपाला ओरखडा पडला तर घासून काढता येत नाही, कारण घासलं की लेपच जातो. ॲक्रिलिक मात्र बारीक होत जाणाऱ्या कागदांनी, मायक्रोमेशच्या १५०० पासून १२००० पर्यंत, ओल्याने घासत नेलं की पुन्हा लख्ख होतं. हात दुखतात, पण होतं.

शिवाय घुमट बनवायचा कसा? पॉलिकार्बोनेट हवेतली ओल धरून ठेवतं. तापवण्याआधी तासन्‌तास वाळवावं लागतं, नाहीतर आत बुडबुडे येतात. एका अंगाने वाकवलेल्या सपाट पत्र्याची काच त्याची छान होते. पण खटपट्यांसारख्या खोल घुमटात नजर वेडीवाकडी न करणारा नग मिळवणं अवघड आहे. होमबिल्टचे बहुतेक घुमट ॲक्रिलिकचे असतात त्याचं हेही एक कारण. नुसता कंजूसपणा नव्हे.

जाता जाता: स्क्रू सुटू नये म्हणून लावायचं ते थ्रेडलॉकर प्लास्टिकजवळ नेऊ नका. एक थेंब ओघळला तरी भोकाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा उमटतात. खटपट्या, तुमच्या त्या भोकाची कड एकदा भिंगातून बघाच.

खटपट्या

काकू, बघितली. जाळी नाही, स्वच्छ एकच तडा आहे. भोक मात्र स्क्रूला अगदी घट्ट. माझाच मुद्दा सिद्ध झाला असं म्हणू का? :)

रिव्हेटबहाद्दर

म्हणू नका. भोक घट्ट असेल तर भोक मोठं करा. त्यावरून एकदम स्क्रूच वाईट हे कुठून आलं?

हल्ली आरव्ही जातीची होमबिल्ट बांधणाऱ्यांत सिकाफ्लेक्स २९५ यूव्ही या लवचीक चिकटद्रव्याने कॅनॉपी चिकटवायची लाटच आहे. भोकं नाहीत म्हणजे तडे नाहीत, हे ऐकायला गोड. पण चिकटवलेला जोड तपासणार कसा? स्क्रू सैल झाला तर हाताला कळतो. चिकटद्रव्य आतून सुटत असेल तर ते बाहेरून दिसेलच याची खात्री नाही. पृष्ठभाग नीट खरवडला नाही, प्रायमर वेळेत लावला नाही, बोटाचं तेल लागलं, की जोड कच्चा. फटीत ठरावीक जाडीचा थर राहावा लागतो. उत्साहाने दाबून सगळं पिळून काढलं, तर सरकायला रबरच उरत नाही आणि तुमचे पावणेतीन मिलिमीटर पुन्हा पत्र्यावरच येतात. आणि उद्या कॅनॉपी बदलायची वेळ आली की दिवसभर तार ओढत कापत बसा.

सैलसर भोक, खाली मऊ वॉशर आणि बोटाने फिरेल इतपतच आवळलेला स्क्रू. एवढं केलं तर स्क्रूवरची कॅनॉपी वर्षानुवर्षं टिकते.

पॉलिमरकाकू

तपासणीबद्दल बहाद्दरांशी सहमत. पण चिकटवण्याने ताण सगळ्या कडेवर पसरतो, तो स्क्रूने कधीच पसरत नाही. कष्ट घेऊन केलं तर चिकटवणं सरस. अर्ध्या मनाने करायचं असेल तर स्क्रूच बरे.

घारतात्या

मी ग्लायडरवाला. आमचं अर्धं विमानच कॅनॉपी, म्हणून बोलतो. तुम्ही सगळे पत्र्यावर आणि गोंदावर भांडताय. कॅनॉपी मरते ती हँगरमध्ये. कोरड्या फडक्याने धूळ पुसणारे, काचेचा निळा अमोनियावाला स्प्रे मारणारे, धुळीचं आच्छादन तसंच ओढून घालणारे, छोट्या खिडकीच्या कडेला धरून कॅनॉपी उचलणारे. भरपूर पाणी, सौम्य साबण, उघडा हात. हातालाच खडा कळतो, फडक्याला नाही. आणि उन्हात उघडी ठेवून जाऊ नका. घुमट भिंगासारखा ऊन एका जागी गोळा करतो. आसनं आणि पट्टे जळल्याची उदाहरणं आहेत.

आता दुसरी खिट्टी. याला माझा विरोध आहे. कॅनॉपी बंद ठेवणं जितकं महत्त्वाचं, तितकंच ती झटकन उघडणं. अनेक ग्लायडरमध्ये मागे रोगर हूक नावाचा आकडा असतो. कॅनॉपी फेकली की ती आधी पुढून उचलली जाते, त्या आकड्यावर फिरते आणि मग सुटते, म्हणजे डोक्यावर आदळत नाही. इतका विचार बाहेर पडण्यासाठी केलेला असतो आणि तुम्ही त्यावर आणखी एक कडी चढवणार? विमान उलटं पडलंय, धूर येतोय, तेव्हा दुसरी कडी कुठे आहे हे शोधणार?

खटपट्या

तात्या, मान राखून विरोध. दुसरी खिट्टी म्हणजे दुसरं कुलूप नव्हे. बर्ट रुटन यांनी आखलेल्या लाँग-ईझेड या होमबिल्टचं उदाहरण घ्या. तिची कॅनॉपी कडेच्या बिजागरीवर उघडते आणि पंखा (प्रोपेलर) मागे आहे. हवेत ती तुटून गेली तर थेट पंख्यात. म्हणून त्यात सुरक्षा-आकडा आहे. मुख्य खिट्टी राहून गेली तर कॅनॉपी किंचित उघडून तिथेच अडकते, शिवाय इशारा देणारा भोंगा आहे. घुमटावरून हवा वेगाने जाते, तिथे दाब कमी होतो, कॅनॉपी वर ओढली जाते. पुढे बिजागरी असलेली काही इंच उचलली जाऊन थरथरत राहते. आवाज आणि वारा इतका, की माणूस विमान उडवायचं सोडून कॅनॉपी ओढायला जातो आणि खरा घात तिथे होतो. एक छोटा स्विच आणि एक लाल दिवा याला काय हरकत?

घारतात्या

दिव्याला हरकत नाही. आकडा आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून एका हाताने, न बघता सुटला पाहिजे. आपला नेहमीचा प्रवासी डोळे मिटून तो सोडू शकला, तर बसवा.

गॅरेजवाला

माझा पक्षी सगळे विसरले वाटतं.

पॉलिमरकाकू

नाही विसरले. उलटं पडलेल्या विमानाचं तात्यांनी काढलंच आहे, तर सांगा: पॉलिकार्बोनेटमधून बाहेर कसे पडणार? ॲक्रिलिक हातोडीने फोडता येतं. पॉलिकार्बोनेटवर हातोडी उसळून परत येते, हे तुमच्याच पोच्याच्या उदाहरणात आहे. एफ-१६ मध्ये आसन उडण्याआधी अख्खी कॅनॉपी उडवून दिली जाते. तुमच्या विमानात ती सोय आहे का?

गॅरेजवाला

नाही. पण समोरची काच वेगळी आणि मागचा भाग सरकता असेल, तर पुढे पॉलिकार्बोनेट, मागे ॲक्रिलिक. पक्षी पुढून येतो, माणूस मागून निघतो. यावर बोला.

पॉलिमरकाकू

हे चालण्यासारखं आहे. पुढची काच एका अंगानेच वाकलेली हवी आणि इंधन तिच्यापासून लांब.

शिकाऊ

एक शंका. तोपर्यंत तड्याच्या टोकाला भोक पाडून उडता येईल का?

रिव्हेटबहाद्दर

टोकाला छोटं भोक पाडून तडा थांबवतात, पण ती तात्पुरती मलमपट्टी. एफएए या अमेरिकी विमान-नियामक संस्थेच्या ४३.१३-१बी या पुस्तिकेत पारदर्शक प्लास्टिकवर वेगळा भाग आहे, तो वाचा. साधं ड्रिल बिट वापरू नका. दुसऱ्या बाजूने बाहेर पडताना ते पत्र्यात चावतं आणि एकाचे दोन तडे होतात. प्लास्टिकसाठी घासलेलं बिट किंवा पायऱ्यांचं बिट घ्या, मागे लाकूड धरा. पत्रा कोमट असू द्या, थंड ॲक्रिलिक जास्त ठिसूळ असतं. तडा नजरेच्या वाटेत किंवा खिट्टीजवळ असेल तर विमान जमिनीवरच बरं.

खटपट्या

मग ॲक्रिलिकच घेतो. फक्त ३ ऐवजी ५ मिलिमीटर घ्यावं का? गॅरेजवाल्यांचा पक्षीही थोडा खूश.

पॉलिमरकाकू

चौरस मीटरला सुमारे २.४ किलो वाढतील. वजन आणि समतोलाचा कागद नव्याने करावा लागेल, पण खरी अडचण ती नाही. चौकट थोडी वाकडी असेल तर ३ मिलिमीटरचा पत्रा मुकाट तिच्यावर बसतो. तेवढाच बाक ५ मिलिमीटरला दिला तर पृष्ठभागावरचा ताण जाडीच्या प्रमाणात वाढतो, आणि तो ताण रात्रंदिवस तिथेच राहतो. आधी नवा घुमट चौकटीवर नुसता ठेवा, हात न लावता. कुठे किती फट राहते ते मोजा. फट असेल तिथे पत्रा ओढू नका, चौकट भरून घ्या. मग जाडी ठरवू.

रिव्हेटबहाद्दर

आणि ती फट चिकटद्रव्याने भरू नका.