मदत हवी आहे : बाबांच्या पत्रांतला अर्धवट राहिलेला वाद

नमस्कार मंडळी,

नागपूरच्या महाल भागातलं जुनं घर आवरताना बाबांच्या ट्रंकेत आंतर्देशीय पत्रांचा गठ्ठा सापडला. बाबा नागपुरात भौतिक रसायनशास्त्र शिकवायचे, त्यांचे मित्र पुण्यात. दोघंही ॲसेटिक आम्लाच्या द्रावणातून वीज किती सहज वाहते, म्हणजे त्याची वाहकता, मोजत होते आणि आकडे एकमेकांना कळवत होते. त्यावरून काढलेल्या विघटन स्थिरांकाचं (आम्लाचे किती रेणू आयनांत फुटतात त्याच्या मापाचं) पुण्याचं उत्तर १.८ × १०⁻⁵ च्या जवळ यायचं, बाबांचं विरल द्रावणात भरकटायचं. मे महिन्यात इथे वॉटर बाथ (द्रावणाचं तापमान स्थिर ठेवणारं पाण्याचं भांडं) २५ अंशांवर ठेवायचा म्हणजे बर्फाच्या लाद्याच लागणार! एका पत्राच्या कडेला पेन्सिलीनं लिहिलंय, ‘बर्फ संपला, उद्या पहाटे.’ ते वाचून मला पुढचं वाचवेना.

खरा वाद पाण्याचा आहे. मित्र लिहितात, मोजलेल्या आकड्यातून डिस्टिल्ड वॉटरची स्वतःची वाहकता वजा कर. बाबांचं म्हणणं, ती वाहकता हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे येते. तो पाण्यात विरघळून कार्बनिक आम्ल बनतं, पण ॲसेटिक आम्लाच्या द्रावणात त्याचं विघटन (आयनांत फुटणं) दबतं, मग पूर्ण वजाबाकी केली तर चूक वाढेल. मला बाबांचं पटतं, पण मी बीएस्सीपर्यंतच शिकले. पुढचं पत्र गठ्ठ्यात नाही.

विरल आम्लासाठी ही दुरुस्ती नक्की कशी करतात, कुणी नीट समजावेल का? आणि नागपुरात कुणाकडे चालू स्थितीतला कंडक्टिव्हिटी ब्रिज (वाहकता मोजायचं उपकरण) आणि प्लॅटिनमचा सेल (द्रावण भरायचं, प्लॅटिनमच्या पट्ट्यांचं पात्र) असेल, तर मला त्यांच्याच आकड्यांवर तो प्रयोग पुन्हा करून बघायचाय. शाई फिकट होत चाललीय, पत्रं जपायची कशी तेही सांगा.