प्रतिसाद: वाळवंटातला दगड आणि चुंबक

वर विचारलंय की भाच्याने मोरोक्कोहून आणलेला काळपट दगड चुंबकाला चिकटतो, म्हणजे तो उल्काच ना? नाशिककरांनी तरी असं म्हणू नये. पांडवलेण्यांच्या डोंगरातला बेसाल्टही त्यातल्या मॅग्नेटाइट या लोहखनिजामुळे चुंबकाला थोडा ओढतो. आणि जोरदार निओडिमियम चुंबक लावूच नका, दगडातली मूळ चुंबकीय नोंद पुसली जाते.

त्यापेक्षा एक कोपरा घासून भिंगाखाली बघा. करड्या पार्श्वभूमीवर चकाकणारे धातूचे कण आणि मिलिमीटरभर गोल दाणे, म्हणजे कॉन्ड्रूल, दिसले तर आशा आहे. आपल्या बेसाल्टसारखी झिओलाइटने (पांढुरक्या स्फटिकांच्या खनिजाने) भरलेली भोकं दिसली तर विषय संपला.

पुढचं वर्गीकरण प्रयोगशाळेतच. कॉन्ड्रूलवाल्या सामान्य उल्कांचे लोहाच्या प्रमाणावरून गट पाडतात. ऑलिव्हिन या खनिजातल्या फायालाइटचं, म्हणजे त्याच्या लोहयुक्त घटकाचं, प्रमाण साधारण १६ ते २० टक्के असेल तर एच गट, २३ ते २६ असेल तर एल, त्याहून जास्त तर एलएल. मग दगड किती तापला होता ते सांगणारा ३ ते ६ हा प्रकार: ३ मध्ये दाणे ठसठशीत, ६ मध्ये उष्णतेने जवळपास विरघळलेले. गुजरातेत १९७६ साली पडलेली धजाला उल्का एच ३.८ आहे. पण ती पडताच गोळा केलेली. वाळवंटातल्या दगडात धातू गंजलेला असतो, म्हणून डब्ल्यू१, डब्ल्यू२ अशी झिजेची श्रेणीही देतात.

अधिकृत नाव हवं असेल तर २० ग्रॅम किंवा वजनाच्या २० टक्के, यातलं जे कमी तेवढा तुकडा उल्का जपणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थेकडे कायमचा द्यावा लागतो. भाच्याला आधी विचारा.